दशमीचं पान

अळूची पानं काढायला ललिता बागेच्या कडेनं गेली आणि तिथंच थबकली. माहेरी नांदगावला जाताना हिरवीगार पाहिलेली बाग पिवळी पडली होती. वेलींखाली पानांचा सडा होता, आणि वर उरलेली पानं नुसतं बोट लावलं तरी देठासकट हातात येत होती. द्राक्षाच्या गावात संसार केलेल्या बाईला यात न समजण्यासारखं काही नव्हतं. कुणीतरी पानगळीचा फवारा मारला होता. छाटणीच्या आधी वेलीची पानं या फवाऱ्यानं पाडतात, आणि एकदा पानं पडली की लगोलग कात्री लागावी लागते. वेल कुणासाठी थांबत नाही. कात्री वेळेवर लागली नाही तर ती काडीवरच्या नको त्या डोळ्यातून फुटते आणि वर्षाच्या पिकावर पाणी पडतं.

आणि 'कुणीतरी' कशाला म्हणायचं? घरात फवारणीचा ट्रॅक्टर चालवणारा एकच माणूस होता. धाकटा दीर मनोज.

ललितानं अळूची पानं पदरात तशीच घेतली आणि तडक अंगणात आली. मनोज ट्रॅक्टर धूत होता. वहिनीचा चेहरा बघून त्यानं नळी बंद केली, म्हणजे चोराच्या मनात चांदणं होतंच.

"मनोजभाऊ, बागेला फवारा कधी मारला?"

"तुम्ही माहेरी गेल्या होत्या तेव्हा."

"छाटणीत आपला नंबर शेजारच्या बहिरूभाऊंच्या मागे आहे. पोळ्याच्या दिवशी सगळ्यांसमोर ठरलंय. त्यांनी त्यांचा फवारा त्याच हिशेबानं मारला."

"माहीत हाय."

"मग दोन्ही बागा एकदम उघड्या पडल्या. आधी कात्री कुठं लावायची?"

मनोजनं नळी गुंडाळायला घेतली. "बहिरू आज जेवायला येतोच हाय ना. त्याला विचारतो. तो नाही म्हणायचा नाही."

"तेच तर," ललिता म्हणाली. "तो नाही म्हणायचा नाही."

गावात सावड सुरू झाली ती कोरोनाच्या साली. आज मी तुझ्या बागेत, उद्या तू माझ्या बागेत, असं हे काम. शब्द तसा जुना, म्हाताऱ्यांच्या तोंडातला. पण हाताशी मजूर मिळायला लागल्यावर गावानं तो अडगळीत टाकला होता. दरवर्षी पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला टोळ्या यायच्या. त्या साली आल्या नाहीत, आणि एरवी बांधावरून एकमेकांकडे न बघणारे बागायतदार एकमेकांच्या वेलीखाली कात्री घेऊन उभे राहिले. दुसऱ्या साली चैत्रात भारत गेला, ललिताचा नवरा, या घरातला थोरला. आश्विनात कुणी न सांगता सगळ्यांनी पहिली कात्री ललिताच्या बागेला लावली. तेव्हा मनोज बांधावर बसून लहान मुलासारखा रडला होता. ललिताला ते रडणं अजून आठवत होतं, म्हणून तर आजचा त्याचा कोरडा आवाज तिला जास्त लागला.

"वहिनी, एक सांगू?" मनोज म्हणाला. "यंदा मी निर्यातीची नोंद केली. माल लवकर तयार झाला तरच ते उचलतात. तृप्तीचं कॉलेज, होस्टेल, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं या बागेतूनच निघायचंय. मी काय माझ्या एकट्यासाठी करतो?"

तृप्ती ललिताची मुलगी. मनोज खोटं बोलत नव्हता. भाऊ गेल्यापासून त्यानं पुतणीला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं. लबाड माणसाशी भांडणं सोपं असतं; आपल्या माणसासाठी दुसऱ्याच्या तोंडचा घास काढणाऱ्याशी भांडताना जीभ अडखळते.

"गेल्या वर्षी बहिरूभाऊंचा नंबर शेवटी होता," ती म्हणाली. "माल निघाला तेव्हा व्यापारी फिरकला नाही. म्हणून यंदा त्यांना पहिला दिला. दिला म्हणजे काय, आपणच सगळ्यांनी हात वर केले. तुम्ही पण केला."

"केला. सगळ्यांसमोर दुसरं काय करणार?" मनोजनं नळी खुंटीला टांगली. "पण सावड काही चांगल्या माणसांनी सुरू केली नव्हती, वहिनी. अडलेल्या माणसांनी केली होती. आता कोण अडलंय?"

ललिता स्वयंपाकघरात गेली.

आज दशमी. पितृपक्षातली भारतची तिथी. गॅसवर खीर आटत होती, आणि मनोजची बायको पल्लवी वडे थापत होती. ललितानं अळू धुवायला घेतलं. पल्लवीला राहवलं नाही.

"ताई, मी त्यांना म्हणाले होते, विचारून करा. तर म्हणे, तू यात पडू नको."

"मला फोन करायचा होतास."

"करणार होते." पल्लवीनं वडा तेलात सोडला. "पण खरं सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"मलाही वाटतं आपलं आधी व्हावं. बहिरूभाऊंचं वाईट व्हावं असं नाही हो. पण आपलं आधी व्हावं."

ललितानं मान हलवली. पल्लवीचा राग येत नव्हता, कारण बागेच्या कडेला उभं असताना तिच्या स्वतःच्याही मनात क्षणभर तेच आलं होतं: झालं ते बरंच झालं, आता कात्री आपल्यालाच आधी लागेल. तो विचार आला आणि गेला. पण आला होता, हे तिला नाकारता येत नव्हतं.

सगळ्यात धाकटा दीर दिनेश इंदिरानगरहून गाडी घेऊन आला तेव्हा अळूवड्या वाफेवर होत्या. तो सातपूरला कंपनीत होता. फवाऱ्याची भानगड त्याला दारातच कळली, कारण सासूबाई, मंगलाबाई, ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि आल्यागेल्याला बातमी देणं हे गुडघे गेल्यापासून त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम होतं.

"मनोजदादाचं चुकलं," दिनेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. "पण त्यात नवल काय, वहिनी? लॉकडाऊनमध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी आजारी पडलं की दारात डबे यायचे. एकदा तर माझ्या दारात तीन घरचं वरण होतं. सगळे म्हणायचे, माणूस आता बदलला, या रोगानं आपल्याला शहाणं केलं. आणि आता? वरणवाल्या काकांनी माझ्या गाडीची हवा सोडली. का, तर चाक त्यांच्या पार्किंगच्या रेषेवर होतं."

पल्लवी हसली. ललितालाही हसू आलं.

"म्हणजे ते डबे खोटे होते का?" तिनं विचारलं.

दिनेश विचारात पडला. "नाही. वरण खरंच होतं. चांगलंही होतं." तो अळूवडी उचलायला गेला आणि नैवेद्याआधी काही मिळत नसतं म्हणून हातावर चापट खाऊन परत फिरला. "पण तेव्हा भीती होती ना सगळ्यांना. भीती गेली की वरणही गेलं."

"मग तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"मी कशाला बाजू घेऊ?" दिनेश म्हणाला. "मी संध्याकाळी परत जाणार." आणि तो ओसरीवर आईशेजारी जाऊन बसला. ही त्याची लहानपणापासूनची जागा. दोन भाऊ भांडत असले की हा आईच्या खुर्चीमागे.

बहिरू आणि त्याची बायको चतुराबाई आले ते बागेतूनच. बहिरूनं पांढरी टोपी घातली होती, आणि चतुराबाईनं नवं लुगडं. दोघं मूळचे पेठकडचे. छाटणी-काढणीच्या टोळीत यायचे. लॉकडाऊन लागला तेव्हा काढणी चालू होती. रस्ते बंद झाले आणि टोळीतली बाकीची माणसं रानावनातून चालत गेली, तेव्हा हे दोघं ललिताच्या बागेतल्या खोलीत राहिले ते राहिलेच. पुढं शेजारचे एक म्हातारे नाशिक रोडला मुलाकडे राहायला गेले, त्यांची बाग बहिरूनं वाट्यानं घेतली आणि सावडीत त्याचाही नंबर लागला. तो लावावा म्हणून ललिता सगळ्या गावाशी भांडली होती.

पण पितराच्या पानावर बहिरू कसा आला, ही गोष्ट निराळी. या घरी तिथीला एका माणसाला गेलेल्याच्या नावानं जेवायला बसवतात. तेवढा वेळ तो माणूस म्हणजे गेलेलाच. त्याला ओवाळतात, आग्रह करून वाढतात, आणि 'तृप्त झालात का?' असं विचारल्याशिवाय घरातलं दुसरं कुणी जेवत नाही. हा मान भाऊबंदातल्या माणसाचा. पण भारतच्या पहिल्या तिथीला भाऊबंदातलं कुणी आलं नाही. कोरोनानं माणूस गेलेल्या घरी जेवायचं कसं, असं तोंडावर कुणी बोललं नाही. कुणाला सर्दी झाली, कुणाला तालुक्याला काम निघालं. पान वाढून तयार, आणि बसायला माणूस नाही. तेव्हा बहिरू म्हणाला, चालत असंल तर मी बसतो. मंगलाबाईंनी आधी वाढलेल्या पानाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बस बाबा. भारत भुकेला राहायला नको." पुढच्या वर्षी भाऊबंद यायला तयार होते, पण मंगलाबाईंनीच ठणकावलं, ज्यानं पहिल्या वर्षी घास घेतला तोच बसंल.

आजही बहिरू पाटावर बसला. समोर भारतचा हार घातलेला फोटो. ललितानं ओवाळलं आणि वाढायला सुरुवात केली: खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, अळूवड्या. मनोज आणि दिनेश भिंतीला टेकून उभे होते. मंगलाबाईंची खुर्ची आत आणली होती. चतुराबाई पल्लवीबरोबर स्वयंपाकघराच्या दारात बसली होती.

बहिरूनं पहिला घास घेतला. मनोजनं घसा खाकरला.

"बहिरू, एक काम होतं."

"बोला ना, दादा."

"आमच्या बागेला पण फवारा झालाय. यंदा माल लवकर लागणार हाय. तुझा नंबर आम्हाला दिला, तर तुझं काम आमच्या मागून लगेच धरू."

"घ्या ना, दादा," बहिरू म्हणाला. "तुमचा आधी हू द्या."

एवढं चटकन म्हणाला की देणाऱ्यानं काही दिलं असं वाटलंच नाही. जमिनीवरची वस्तू उचलून द्यावी तसा तो नंबर गेला. मनोजनं सुटकेचा श्वास सोडला. दारात चतुराबाईनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

ललिता कढीचं पातेलं घेऊन उभी होती. ते तिनं खाली ठेवलं.

"थांबा, बहिरूभाऊ."

"वहिनी, तो देतोय ना आपणहून?" मनोज म्हणाला.

"ते देत नाहीयेत. तुम्ही घेताय." ती बहिरूसमोर खाली बसली. "बहिरूभाऊ, आज या पानावर तुम्ही कोण?"

बहिरू गोंधळला. "भारतदादा."

"मग बहिरूला राहू द्या बाजूला. दादा आज इथं बसले असते, तर त्यांनी काय सांगितलं असतं? त्यांच्या तोंडानं सांगा."

आता उत्तर काय येणार, हे ललिताला ठाऊक होतं. भारतसारखा माणूस गावात नव्हता. हे सगळा गाव म्हणायचा, आणि ती स्वतः रोज फोटो पुसताना म्हणायची. भारतनं बहिरूला पुढं केलं असतं. एवढं बहिरूच्या तोंडून निघालं की मनोजची काय बिशाद पुढं बोलायची.

बहिरूनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"खरा सांगू, वैनी? रागावणार नाय?"

"नाही. सांगा."

"दादानं बी हेच केलं असतं."

चतुराबाईनं दारातून मान वर केली.

"दादा लय चांगला माणूस," बहिरू मान वर न करता बोलत होता. "पण बागेचा इषय आला का दादाला दुसरा कुणी दिसायचा नाय. एका साली आमचा घरचा भात कापायला आला होता. आमी टोळीची माणसा जायला निघालो, गाडी सांगितली होती. दादानं गाडी माघारी लावली. म्हणला, आधी माझी छाटणी उरका, मंग जा. आमी उरकली. घरी गेलो तवा भात झडला होता."

दिनेश भिंतीपासून सरळ झाला. मनोज फोटोकडे बघत होता. भाऊ आपल्या बाजूचा निघाला तरी त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"खरं बोलला तो," मंगलाबाई म्हणाल्या. "माझा भारत तसाच होता. बागेपुढं आंधळा."

ललिताला कुठूनतरी हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. तिला तो दिवस आठवला. गाडी माघारी गेलेली. अंगणात ती भारतसमोर उभी होती आणि ओरडत होती, लोकांच्या पोटावर पाय देऊन कसली बाग करता? त्यानंतर कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. आणि हे सगळं तिनं पुसून टाकलं होतं. माणूस गेला तसा तिनं त्याचा देव करून टाकला होता, आणि देवाशी कुणी भांडत नाही. एवढ्या वर्षांत तिला सगळ्यात जास्त काय कमी पडलं असेल, तर ते तिला आत्ता कळलं. भांडायला हक्काचा माणूस राहिला नव्हता.

"पितराशी भांडू नये म्हणतात," ती डोळे पुसून म्हणाली. "पण पान माझ्या नवऱ्याचं आहे. तेव्हा भांडले होते, तर आजही भांडते." आणि बहिरूच्या डोळ्यांत सरळ बघून ती म्हणाली, "अहो, ऐकताय ना? त्यांचा भात तुम्ही एकदा झडवलात. आता त्यांची द्राक्षं झडवायची नाहीत. नंबर त्यांचा आहे. आपली बाग फुटली तर फुटू द्या."

बहिरूच्या हातातला घास तसाच राहिला. या प्रश्नाला दादा म्हणून उत्तर द्यायचं की बहिरू म्हणून, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

"वहिनी!" मनोजचा आवाज चढला. "बाग काय तुमच्या एकटीची हाय?"

"नाही. म्हणून तर विचारून फवारा मारायचा होता. उद्या सगळी सावड बहिरूभाऊंच्या बागेत जाईल. आपली माणसंही जातील. तिथून आल्यावर आपण घरची माणसं आपल्या बागेत कात्री चालवू. जेवढं होईल तेवढं. जे राहील ते जाईल."

"जाईल म्हणजे? निर्यात जाईल!"

"जाईल. तृप्तीला मी सांगेन." ती दिनेशकडे वळली. "दिनेशभाऊ, रजा टाका."

"मी?" दिनेश म्हणाला. "मला कात्री धरता येत नाही, वहिनी."

"शिका. तिकडं काका हवा सोडतात, तर गाडी इथंच राहू द्या."

दिनेशनं आईकडे पाहिलं. या वेळी खुर्चीमागे जागा नव्हती. "बरं," तो म्हणाला. "दोन दिवस टाकतो."

मनोज तरातरा बाहेर निघून गेला. बहिरू अर्धवट उठला, त्याच्यामागे जाऊ की काय, असं करून. मंगलाबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

"बस खाली. पान सोडून उठतोस कुठं?" त्या म्हणाल्या. "अन् मान खाली घालून मुकाट जेव. ललितानं झापल्यावर भारत असाच जेवायचा. त्याचं तिच्यापुढं कधी चाललं नाय, तर तुझं काय चालणार?"

बहिरू मुकाट जेवला. ललितानं त्याला खीर वाढली, पुन्हा वाढली, आणि शेवटी हात जोडून रीतीप्रमाणं विचारलं, तृप्त झालात का? बहिरूनं वाटीतली खीर संपवली. मग "झालो," म्हणाला. ते कोण बोललं, हे ललितानं विचारलं नाही.

पुरुषांची पानं उठली. पल्लवी एक ताट वाढून बाहेर घेऊन गेली आणि बऱ्याच वेळानं रिकामं ताट घेऊन आली.

"काय म्हणाले?" ललितानं विचारलं.

"काही नाही. जेवले." पल्लवीनं ताट मोरीत ठेवलं. "उद्या येतील की नाही, मला नाही माहीत, ताई. मी येते."

बायका जेवायला बसल्या. चतुराबाई ललिताशेजारी बसली होती. ललिताला आता एकाच गोष्टीची धास्ती होती. ही बाई आपले पाय धरेल, उपकार झाले म्हणेल, आणि मग पुन्हा सगळं पहिल्यासारखं होईल: देणारे आपण, घेणारे ते. बागेची तिला भीती होतीच. आज रात्री पाठ टेकली की ती भीती छातीवर बसणार होती. आपण घरच्या पोरीच्या तोंडचं काढून दुसऱ्याला दिलं का, हा प्रश्न तिला बरेच दिवस सोडणार नव्हता. माणसं संकटानं चांगली होत नाहीत, हे मनोजचं म्हणणंही खोटं नव्हतं. संकटात माणसाला दुसरा माणूस दिसतो एवढंच; नंतर तो दिसत राहावा म्हणून कुणीतरी घरात आवाज चढवावा लागतो.

चतुराबाईनं वड्याचा तुकडा खिरीत बुडवला आणि खाल्ला. घाई न करता खाल्ला.

"वैनी," ती म्हणाली.

"बोल."

"तुमची बाग फुटली त माला वाईट वाटंल. खरंच वाटंल." तिनं पाण्याचा घोट घेतला. "पण नंबर मी देणार नव्हते. त्यानं दिला तरी नाय. उद्या सकाळी मीच बांधावर उभी राहिली असती कात्री घेऊन, बघू कोण माझ्या माणसांना तिकडं नेतो ते."

ललिता चतुराबाईकडे वळली.

"म्हणजे मी भांडले नसते, तरी तू भांडली असतीस?"

"मंग? माझा नंबर होता," चतुराबाई म्हणाली. "वाढा अजून एक वडा. आज लय चांगले झालेत."